धुऱ्यावरचा खांब

"इथं काऊन गाडून राह्यली वं पोरी?" पंजाबरावांनी सोयाबीनच्या ओळीतूनच आवाज दिला.

पायलनं खांबाचे तिन्ही पाय मातीत दाबले. अमडापूरची ही पोर फवारणीचा ड्रोन घेऊन गावोगाव फिरते. आज पाळी पंजाबरावांच्या सोयाबीनची होती. "आबा, ड्रोनले काही आपल्यासारखे डोळे नसते. वरून उपग्रह सांगते, खालून हा खांब सांगते, तवा त्याले कळते आपण कुठं आहो. मी आत्ताच धुऱ्याधुऱ्यानं फिरून त्याले हद्द दाखवली. आता खांब हलवू नोका."

"आन् खांब माह्याच शेतात?"

"उलीसा आत तं हाये, आबा."

उलीसा म्हणे! थोडंसं का होईना, आत ते आतच. पंजाबराव माणूस असा, की दुधाच्या भांड्यातही बोट बुडवून पाहणार. पाव्हणा आला की हा का आला, हे आधी शोधणार. आणि धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा, विषय निघाला की संपलंच! पलीकडं थोरल्या भावाची तुती. भाऊ गेला, आता वहिनी चांगुणाबाई त्या पाल्यावर रेशमाच्या अळ्या पोसतात. वाटणीत भावानं धुरा आपल्याकडं सरकवला, हे पंजाबरावांचं जुनं दुखणं. मोजणीवाले येऊन गेले, तर तेही मिळालेले. आज खांब आत उभा राहिला, उद्या वहिनी म्हणतील, हीच हद्द.

पायल टाकीवर औषध कालवायला गेली. पंजाबरावांनी इकडंतिकडं पाहिलं, खांब उपटला आणि तुतीत शिरून, त्यांच्या मते खरा धुरा होता तिथं नेऊन रोवला. तुती डोक्याच्याही वर गेलेली. कोणाला दिसायचं नाही.

"आता बराबर कळंन त्याले," ते पुटपुटले. फार बरं वाटलं.

थोड्या वेळानं ड्रोन घोंगावत उठला आणि सरळ धुरा ओलांडून तुतीवर गेला.

"थांबव वं! थांबव त्याले!" चांगुणाबाई अळ्यांच्या शेडमधून धावत आल्या. "माह्या अळ्या मरतीन!"

पायलनं हातातल्या पडद्यावर पाहिलं. "मावशी, तो त्याच्या रेषेतच हाये. हे पाहा."

"मंग मी आंधळी हाये का? अंगावर फवारा आला माह्या!" त्यांनी ओला पदर तिच्या नाकाशी धरला.

पायलनं घाईघाईनं ड्रोन उतरवला. पण धुऱ्याकडच्या ओळी भिजल्या होत्या, नेमक्या त्याच. बाकीचा पाला अळ्यांनी संपवला होता. कोष करायच्या आधीचा शेवटचा खुराक चांगुणाबाईंनी इथं राखला होता. हा पाला घालावा तर अळ्या विषानं मरणार, न घालावा तर उपाशी.

"पोरीले धड येत नसन," पंजाबराव म्हणाले.

पायल रडायलाच लागली. "आबा, खांब जिकडं जाते, तिकडं ड्रोन सरकते. कोनं हलवला असन तं..."

चांगुणाबाईंनी तुती बाजूला सारली. आत खांब उभा होता. त्यांनी दिराकडं पाहिलं.

नाही म्हणावं, असं पंजाबरावांच्या ओठांवर आलं होतं. खपलंही असतं. पण पोर डोळे पुसत होती, तिचं काम जाणार होतं, आणि त्यांना लाज वाटली, भलतीच लाज वाटली.

"म्याच आणला, वहिनी."

"म्हणजे तुमीच ड्रोनले सांगतलं, का इथवर तुमचं हाये?"

"हाव."

"आन् त्यानं मानलं?"

धुऱ्याबद्दलचं पंजाबरावांचं म्हणणं खरं मानणारा आजवर तो ड्रोन एकटाच निघाला होता.

चांगुणाबाई भांडतील, शिव्या घालतील, असं त्यांना वाटलं. त्या एवढंच म्हणाल्या, "राहू द्या मंग खांब तिथंच." आणि तुतीत ठेवलेली पाल्याची रिकामी पाटी उचलून शेडकडं चालू लागल्या.

पंजाबराव मागं मागं गेले आणि दारातच थांबले. या, असं कोणी म्हटलं नाही. आत रॅकवर पांढऱ्या अळ्या दाटीवाटीनं पसरल्या होत्या. चांगुणाबाईंनी सवयीनं त्यांच्यावरून हात फिरवला.

पाला आला समजून अळ्यांनी माना वर केल्या.