हिरव्या पट्टीतली तीन मिनिटं

"ते घड्याळ उतरवा आता. आणि त्या नव्या मुलीचंही बघायला हवं. नवरा गस्तीच्या बोटीवर, ही इथे वायरलेसवर. कामात लक्ष काय लागणार?"

ठाणेप्रमुख साहेब मेकॅनिककाकांच्या कानात बोलले. ती मुलगी दाराशी चपला काढत होती, मी भिंतीवर होतो. आम्ही दोघांनी ते ऐकायला नको होतं, पण ऐकलं. ती आत आली, माझी काच रुमालाने पुसली आणि कामाला बसली.

मी तटरक्षक ठाण्याच्या वायरलेस खोलीतलं घड्याळ. माझ्या तबकडीवर बारापाशी आणि सहापाशी तीन-तीन मिनिटांची हिरवी पट्टी आहे. शोभेची नाही. मी आलो तेव्हा ठाण्याकडे एकच लाकडी बोट होती. तस्करांमागे तीच धावायची, वादळात मच्छीमारांना तीच आणायची. काटा पट्टीत शिरला की सगळी ठाणी, सगळी जहाजं गप्प. फक्त ऐकायचं.

पुढे लोखंडी बोटी आल्या, रडारचे पडदे आले, बोटींचे ठिपके झाले आणि तो गप्प राहायचा नियम सुटला. आता माझ्याकडे बघतात ते चहाला किती अवकाश आहे म्हणून.

पट्टीबद्दल विचारलं ते या मुलीनेच, पहिल्या दिवशी. काका म्हणाले, "सत्तावीस मिनिटं मोठ्या आवाजाची, पोरी. तीन मिनिटं बुडणाऱ्याची."

आज दुपारी तिच्या नवऱ्याची बोट बंद पडलेल्या ट्रॉलरला ओढून आणायला गेली. चारनंतर त्या बोटीचा ठिपका पडद्यावरून गेला. साहेबांनी माइकचं बटण दाबलं ते दाबलंच. "ठाणं ऐकतंय, बोला. बोला ना." बटण दाबलेलं असताना पलीकडचं काही ऐकू येत नाही, हे त्यांना ठाऊक आहे. पण काळजीने माणसाची जीभ थांबत नाही. काका दुसऱ्या ठाण्याशी फोनवर ओरडत होते. ती मुलगी सेटला कान लावून बसली होती. तिला अबोल म्हणूनच ओळखतात सगळे.

साहेबांनी श्वास घ्यायला बटण सोडलं. तेवढ्यात खरखरीत अर्धा शब्द आला. बोटीवरच्या कुणाच्या तरी हातातल्या छोट्या सेटचा, बॅटरी संपत आलेला. मी ऐकला, तिने ऐकला. साहेबांचं बोट पुन्हा बटणावर गेलं.

मला उद्या खुशाल उतरवा. नव्या घड्याळावर एवढी पट्टी मात्र रंगवून घ्या.

साडेचार झाले. माझा काटा हिरव्यात शिरला. तिने वर पाहिलं, उठली, साहेबांच्या हातातून माइक काढून घेतला.

"काका, फोन ठेवा. साहेब, तुम्हीसुद्धा. तीन मिनिटं आता कुणी बोलायचं नाही."