वाकड्या शेपटीचा मासा

जुन्या लाकडावरचे पॉलिश उतरवण्याचे तीन मार्ग आहेत, आणि एकवीस वर्षे याच धंद्यात गेल्यामुळे मला ते तिन्ही ठाऊक आहेत. पहिला मार्ग रंध्याचा. तासाभरात काम होते, परंतु लाकडाचा वरचा पापुद्राही त्याबरोबर निघून जातो. दुसरा मार्ग जळजळीत रसायनाचा. त्याने रंग फुगून वर येतो खरा, मात्र लाकडाच्या रेषा करपतात. तिसरा मार्ग स्पिरिटमध्ये भिजवलेल्या चिंधीचा. चिंधी फिरवावी, थांबावे, सुकू द्यावे, पुन्हा फिरवावी. यात दिवसच्या दिवस जातात, तथापि आपल्या अंगावरून काही काढले जात आहे हे लाकडाला कळतसुद्धा नाही, अशी माझी समजूत होती. कातडीच्या डॉक्टरीणबाईंसमोर डाव्या हाताची बाही वर करून मी बसलो होतो, तेव्हा माझ्या मनात हाच विचार चालू होता. पुढे जे घडले त्यास हा विचारच कारणीभूत झाला.

माझ्या डाव्या हातावर, मनगट आणि कोपर यांच्या मधोमध, चार बोटे लांबीचा एक मासा गोंदलेला होता. अंग काळे, कल्ले हिरवे, आणि शेपटीही हिरवी; ती शेपटी मात्र डावीकडे वाकडी. हा मासा मूळचा माझा नव्हे. तो माझ्या थोरल्या भावाचा.

थोरला बंदरावर क्रेन चालवीत असे. त्याने लग्न केले नव्हते. तो, आई, मी आणि माझी पत्नी असे आम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्यांत राहत होतो. एकोणिसाव्या वर्षी त्याने हातावर मासा काढून घेतला, आणि गोंदणाऱ्याला नेमकी शेपटीपाशी शिंक आली. आईने ते पाहिले आणि आधी कपाळावर हात मारला, मग म्हणाली, "अरे, हा पोहणार कसा? हा तर एकाच जागी गोल गोल फिरत बसेल!" आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. तेव्हापासून थोरला जवळ येऊन बसला की त्या वाकड्या शेपटीवरून अंगठा फिरवण्याची तिला सवयच लागली.

सहा वर्षांपूर्वी थोरला क्रेनवरून पडून वारला. मला ते कारखान्यात फोनवर कळले. माझ्या एका हातात चिंधी होती, समोर ओले कपाट होते. पॉलिश सुकू लागले तर डाग पडतात, म्हणून मी आधी ते दार पूर्ण केले आणि मगच निघालो. याची मला आजही लाज वाटते.

पुढे वर्षभरात आईची स्मृती ढासळू लागली. "थोरला कधी येणार रे?" असे ती विचारी. आम्ही सत्य सांगत असू. ती प्रथमच ऐकल्याप्रमाणे आक्रोश करी, आणि दोन-चार दिवसांनी पुन्हा विचारी. अशा रीतीने आम्ही तिला अकरा वेळा सांगितले. अकराव्या वेळी ती दाराच्या चौकटीवर कोसळली आणि तिच्या भुवईला टाके घालावे लागले. त्या आठवड्यात मी थोरल्याचा एक फोटो खिशात घालून टॅटूच्या दुकानात गेलो.

"शेपटी सरळ करून देतो," दुकानदार म्हणाला.

"नको. फोटोत आहे तशीच पाहिजे."

"अहो, लोक माझ्याकडे वाकडं सरळ करून घ्यायला येतात!"

"मला वाकडंच हवंय."

त्याने खांदे उडवले आणि सुई चालू केली.

उपाय लागू पडला. पहिल्याच संध्याकाळी आईने माझ्या हातावर अंगठा फिरवला आणि म्हणाली, "आलास होय रे? किती वाळलास तिकडे!" चेहरा आमचा पुष्कळसा सारखाच. त्या दिवसापासून चार वर्षे मी माझ्या घरात थोरला म्हणून वावरलो. पत्नीने प्रारंभी थट्टा केली. "माझं लग्न तुमच्याशी लागलं होतं हो, थोरल्या दिरांशी नाही!" त्यावर आई आतून ओरडली, "थोरल्या दिरासमोर असं बोलतात का गं? काही रीतभात?" पत्नीने तोंडात पदर कोंबला. आम्ही दोघेही हसलो. आई पुन्हा रडली नाही, जेवू लागली, आणि मला वाटले की माझ्या हातून एक चांगले कृत्य घडले.

मग एका दुपारी, अंगठा शेपटीवर असतानाच, तिने आवाज खाली आणून विचारले, "एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार की."

"धाकटा मेला ना रे?"

धाकटा मीच होतो.

"नाही गं आई. आहे तो."

"मग येत का नाही? चार वर्षं झाली. तुम्ही सगळे माझ्यापासून लपवताय. मला कळतं. म्हातारी झाले म्हणून काय मला काहीच कळत नाही?"

दुसऱ्या दिवशी मी लांब बाह्यांचा सदरा घालून तिच्यासमोर गेलो आणि म्हणालो, "आई, मी धाकटा." तिचा चेहरा क्षणभर उजळला. मग तिने माझी बाही वर सारली. मासा दिसताच ती प्रथम हसली, "लबाडा, आईला फसवतोस?" आणि लगेच तिचे ओठ थरथरू लागले. "त्याचं सोंग आणू नकोस रे. गेलेल्या माणसाचं सोंग आणू नये." हातावर पट्टी बांधून पाहिली, तर थोरल्याला काय लागले म्हणून तिने ती काळजीने सोडली. एक मुलगा तिला परत देताना दुसरा मी स्वतःच्या हाताने नाहीसा केला होता. मासा अंगावर असेतोवर मला माझ्या आईपुढे जिवंत होता येणार नव्हते.

डॉक्टरीणबाईंनी भिंगातून मासा न्याहाळला. "कापून काढता येईल. एका दिवसात काम. टाके पडतील, वण राहील."

"आणि लेसरनं?"

"समोरच्या इमारतीत जोर वाढवून चार वेळांत करून देतात. कातडी भाजते, चट्टे राहतात. मी तसं करत नाही. माझ्याकडे दर दोन महिन्यांनी एकदा, अशा नऊ-दहा वेळा. लेसर शाईचा भुगा करतो, आणि तो भुगा तुमचं शरीर स्वतःच हळूहळू उचलून नेतं."

"कुठं नेतं?"

त्या हसल्या. "हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. थोडा बाहेर टाकतं. थोडा आतच कुठं कुठं राहतो. काळा लवकर जाईल. हिरवा मात्र हट्टी असतो. शेपटी शेवटपर्यंत छळेल तुम्हाला."

घरी मी पत्नीला तिन्ही मार्ग सांगितले आणि माझा निर्णयही सांगितला. शिलाई मशीनचे चाक तिने हाताने थांबवले.

"पावणेदोन वर्षं? आईंचं वय बघितलंत? तेवढी वर्षं त्यांना कोणी लिहून दिलीत का? कापून टाका. वण बघून कोणी तुम्हाला थोरले म्हणणार नाही."

"एका दिवसात थोरला नाहीसा झाला तर ती विचारेल, कुठं गेला. मग पुन्हा अकरा वेळा सांगायचं? हळूहळू जाऊ दे. तिला कळणारसुद्धा नाही."

"अहो, आई म्हणजे तुमचं कपाट नव्हे."

मी तिचे ऐकले नाही. मला माझ्या चिंधीवर विश्वास होता.

लेसरच्या खोलीत डोळ्यांना जाड चष्मा लावतात आणि हातावर थंड हवा सोडतात. यंत्र चटचट वाजते. ताणलेले रबर पुन्हा पुन्हा कातडीवर सोडावे तशी वेदना होते, आणि जळक्या केसांचा वास येतो. मासा क्षणात पांढरा पडतो, जणू कोणी त्यावर खडू फिरवला, आणि थोड्या वेळाने पुन्हा काळा दिसू लागतो. मग मलम, पट्टी, आणि दोन महिन्यांची प्रतीक्षा. कारखान्यात माझ्या जोडीदाराला, ज्यास आम्ही सगळे चष्मा म्हणतो, नवाच विषय मिळाला. "काय रे, मासा अजून पाण्यातच की तव्यावर गेला?" तो रोज विचारी. चौथ्या खेपेनंतर त्याने हात हातात घेऊन पाहिला आणि थट्टा केली नाही. "धुक्यात गेल्यासारखा दिसतोय," एवढेच म्हणाला.

मला जे दिसत होते ते आईलाही दिसत होते. याचा मी विचारच केला नव्हता. सकाळी चहा घेतला की नाही हे ती विसरे, पत्नीचे नाव विसरे, परंतु काल मासा केवढा होता हे तिच्या अंगठ्याला आठवत असे. "तुझा रंग उडालाय रे," ती म्हणू लागली. "काय होतंय तुला? डॉक्टरला दाखवलंस का?" मग तिने स्वतःच्या पेल्यातले दूध माझ्यासाठी राखून ठेवण्यास सुरुवात केली. "तू पी. तुझ्यात काही उरलंच नाही." मी तिच्यासमोर ते दूध पीत असे. ती दुसऱ्या दिवशी हात पाही, मासा तसाच फिका असे, आणि तिचा चेहरा पडे. ज्या दुःखातून तिची सुटका व्हावी म्हणून मी मासा गोंदवून घेतला होता, तेच दुःख मी आता तिला रोज थोडे थोडे पाजीत होतो. लाकूड बोलत नाही, म्हणून त्याला काही कळत नाही असे मी एकवीस वर्षे मानले. कोणास ठाऊक, त्यालाही कळत असेल.

सहाव्या खेपेला मी डॉक्टरीणबाईंना म्हणालो, "इथंच थांबवलं तर?"

"थांबवा. पण गेलेला परत येणार नाही. आणि या कातडीवर आत्ता पुन्हा गोंदणं बरं नाही."

घरी येऊन पत्नीला सांगितले. तिला मला टाकून बोलता आले असते. "आता अर्ध्यावर सोडू नका," ती म्हणाली. "अर्ध्यावर ठेवलं तर त्यांना दोघंही मिळायचे नाहीत."

आठव्या खेपेची पट्टी सुटली, तेव्हा हातावर माशाचे अंग उरलेच नव्हते. वाकड्या शेपटीच्या जागी तेवढा शेवाळासारखा एक हिरवट डाग होता. त्या संध्याकाळी मी आईच्या पलंगाशेजारी बसलो. तिने सवयीने माझा हात ओढून घेतला. अंगठा बराच वेळ फिरत राहिला, शोधत राहिला. मग एखाद्याची वस्तू परत करावी तसा तिने माझा हात उचलून माझ्याच मांडीवर ठेवला.

"बंदरावरून आलात ना तुम्ही?"

मी काहीतरी बोलणार होतो. तिने मान हलवून थांबवले.

"थोरल्याचं सांगायला आलात. मला ठाऊक आहे. मी रोज बघत होते त्याला. विरत चालला होता. गेला ना?"

नाही म्हणणे मला शक्य होते. परंतु तिच्या डोळ्यांत आता प्रश्न नव्हताच.

"हो," मी म्हणालो. ही बारावी वेळ.

ती ओरडली नाही. तिने पदराचे टोक डोळ्यांना लावले आणि तशीच बसून राहिली. खाली गल्लीत कोणी गाडी मागे घेत होते. तो आवाज थांबला. मग एकाएकी सावध होऊन म्हणाली, "धाकट्याला कळवलंत का?"

"धाकटा..." मी म्हणालो. "धाकटा आहे?"

"आहे म्हणजे? आहे की! असं काय विचारता?" ती जवळजवळ रागावली. "फर्निचरचं पॉलिश करतो. नखांत सदा तांबडा रंग. त्यावरून ओळखाल. कितीही धू म्हटलं तरी निघत नाही मेल्याचा."

माझे हात माझ्या मांडीवर होते. त्यांची नखे तांबडी होती. मी ते किंचित पुढे केले, परंतु ती खिडकीकडे पाहत होती.

"त्याला कोणी परक्यानं सांगायला नको," ती म्हणाली. "हळवा आहे तो. दाखवत नाही. त्याला इकडं पाठवून द्या. मी सांगेन. जा, उशीर करू नका."

"पाठवतो," मी म्हणालो आणि उठलो.

स्वयंपाकघराच्या दारात पत्नी उभी होती. तिने सारे ऐकले होते. मी चपला घालून बाहेर पडलो. बंदरावरच्या माणसाला निरोप पोचवण्यास जेवढा वेळ लागेल, तेवढा वेळ मी दुसऱ्या मजल्यावरच्या पायरीवर बसून राहिलो. नंतर वर येऊन मी माझ्याच घराचे दार वाजवले.

"कोण आहे गं?" आतून आईचा आवाज आला.

"धाकटे आलेत, आई," पत्नी म्हणाली.

आत पलंग करकरला.

"त्याला आधी बसू दे," आई म्हणाली. "पाणी दे त्याला. मग मी बघते."

मी आत जाऊन बसलो. पाणी प्यालो. आई पलंगाच्या कडेला सरकली. या खेपेस तिने माझी बाही वर केली नाही. तिने माझी बोटे धरली, एकेक नख अंगठ्याने चोळले, आणि मान खाली घालून, शब्द शोधीत, थांबत थांबत, मला माझा भाऊ गेल्याचे सांगितले. सहा वर्षांत असे जवळ बसवून मला ते कोणीच सांगितले नव्हते.