टोक मोडलं तर मोडू दे

खाताना बोलू नये म्हणतात. पण मित्रांनो, मला खायला मिळतं तेव्हाच माझा आवाज निघतो, त्याला मी तरी काय करणार? मी एक जुना शार्पनर आहे. तुमच्या कंपासपेटीत हरवणारा चिमुकला नव्हे हं. चांगला टेबलाला स्क्रूने बसवलेला, मूठ धरून गरगर फिरवायचा. एका कारखान्यात मी घडलो. पोटात दोन धारदार रूळ, खाली साली साठवायला खण आणि अंगावर झकास हिरवा रंग! शाळेत आलो त्या दिवशी मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, पहिली पेन्सिल स्वतः घातली. टोक बोटावर टेकवून त्या म्हणाल्या, "वा! याला म्हणतात टोक!" त्या कौतुकावर मी कितीतरी वर्षं जगलो.

तेव्हापासून चौथीच्या वर्गात, खिडकीजवळच्या टेबलावर माझा मुक्काम आहे. हळूहळू रंग उडाला. मूठ सैल झाली, तिला कुणीतरी सुतळी गुंडाळली. खण भरून साली ओघळू लागल्या तरी कुणाचं लक्ष जाईना. मात्र इथल्या पेन्सिलींची एक गंमत मला ठाऊक होती. त्या यायच्या त्या खाली पडून टोक मोडलं म्हणून. लिहून लिहून झिजलेली पेन्सिल माझ्या वाट्याला क्वचितच आली.

त्याला कारण आमच्या शाळेची रीत. फळ्याच्या वर मोठ्या बाईंनी स्वतः रंगवलेली पाटी होती, 'हलक्या हाताने लिहा'. वर्ष संपलं की मुलं आपापल्या वह्या खोडरबराने पुसून काढत आणि त्या खालच्या वर्गातल्या भावंडांना मिळत. कागद वाया जाऊ द्यायचा नाही, हा मोठ्या बाईंचा कटाक्ष. रीत चांगलीच होती. मुलांचे हात मात्र इतके हलके झाले की अक्षर वाचायला वही नाकाशी धरावी लागे.

आता परीक्षेचं सांगतो. दरवर्षी सगळ्या शाळांतल्या चौथीची एकच परीक्षा असते. उत्तरपत्रिका माणसं तपासत होती तोवर आमची शाळा नेहमी वर असायची. मग यंत्र आलं. प्रत्येक प्रश्नापुढे चार गोल. बरोबर उत्तराचा गोल काळा करायचा, तो यंत्र वाचणार. त्या वर्षी आमची शाळा जी घसरली ती थेट तळाला जाऊन बसली. उत्तरपत्रिका परत येत नसत, नुसते गुण येत. चौथीच्या बाई जीव तोडून शिकवत, मुलं घडाघडा उत्तरं देत, आणि निकाल पाहावा तर भोपळा!

शेवटी शिक्षण खात्याचे साहेब येऊन सांगून गेले, "यंदाही असाच निकाल लागला तर शाळा बंद. मुलं पुलापलीकडच्या शाळेत जातील."

"अहो साहेब, पहिलीची पोरं रोज नदीवरचा तो धोक्याचा पूल ओलांडणार?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"मग निकाल दाखवा," साहेब म्हणाले.

चौथीच्या बाईंनी कंबर कसली. त्यांनी सरावाची परीक्षा घेतली आणि उत्तरपत्रिका पुलापलीकडच्या शाळेतल्या यंत्रावर तपासून आणल्या. पुन्हा तेच! वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी, अंगाने एवढीशी म्हणून जिला सगळे मुंगी म्हणत, तिला तर शून्य. बाईंनी तिला माझ्याशेजारी उभं केलं.

"मुंगे, अगं सगळा पेपर कोरा? घाबरलीस का?"

"नाही बाई! मी सगळे गोल भरलेत की."

"कुठे भरलेस? मला तर काही दिसत नाही."

"असा तिरका धरून बघा ना, उजेडात."

बाईंनी कागद खिडकीकडे तिरपा केला, आणि काय सांगू मित्रांनो! गोलांच्या पोटात शिशाची पुसट चमक दिसू लागली. बाई बोट ठेवून एकेक उत्तर ताडून पाहू लागल्या. बरोबर. बरोबर. हेही बरोबर! त्यांनी कपाळावर हात मारला. "काखेत कळसा नि गावाला वळसा! मोठ्या बाई, अहो लवकर या!"

मोठ्या बाईंनी कागद पाहिला, मग फळ्यावरची पाटी पाहिली आणि त्या खुर्चीत बसल्याच.

"पण बाई," मुंगी कुजबुजली, "दाबून लिहिलेलं खोडलं जात नाही. माझी वही धाकट्याला जाते."

"वही जाऊ दे गं त्याला," मोठ्या बाई म्हणाल्या. "पण तुला येतंय ते दिसायला नको का? परीक्षेत दाबायचं! टोक मोडलं तर मोडू दे."

झालं, माझे दिवस पालटले! मुलं गोल गिरवू लागली. आधी त्यांनी काय केलं असेल? मी सुईसारखं काढून दिलेलं टोक कागदावर घासून चक्क बोथट केलं! मला राग आला, खोटं कशाला बोलू? पण मग दाबायची सवय नसलेल्या हातांनी टोकं कटाकट मोडू लागली आणि माझ्यापुढे रांग लागली. कित्येक वर्षांत मी इतका जेवलो नव्हतो.

परीक्षेच्या दिवशी वर्गावर देखरेखीला पुलापलीकडचे मास्तर होते. पेपर रंगात आला असतानाच कट्! मुंगीचं टोक मोडलं. ती धावत आली, तिने पेन्सिल घातली, मूठ फिरवली आणि माझा जुना स्क्रू निखळला. मी टेबलावर भोवऱ्यासारखा फिरलो. मुंगीचे डोळे भरून आले. वाटलं, संपलं सगळं! पण मास्तर उठले, त्यांनी दोन्ही हातांनी मला टेबलावर दाबून धरलं.

"फिरव बाळ, मी धरतो."

मुंगीने मूठ फिरवली. सगळा जीव एकवटून मी टोक काढलं. तिने ते कागदावर घासलं आणि पुढचा गोल असा काळाकुट्ट केला की बस्स!

निकाल घेऊन साहेब स्वतः आले. "यंत्र बिघडलं असं वाटून मी पुन्हा तपासून घेतलं," ते म्हणाले. "तुमची शाळा सगळ्यांत पहिली आली आहे. आता ही शाळा कुठेही जात नाही!" वर्गात एकच जल्लोष झाला. बाई हसत होत्या आणि रडतही होत्या. मी तर आनंदाने खुळखुळलो, स्क्रू निखळलेलाच होता ना!

"पण एका वर्षात एवढं शिकवलंत तरी काय?" साहेबांनी विचारलं.

उत्तर मुंगीने दिलं. "काही नाही साहेब. आम्हाला आधीपासूनच येत होतं. यंदा दाबून लिहिलं."

आता मला नवे स्क्रू मिळाले आहेत, तेलाचा थेंब मिळाला आहे. खण रोज रिकामा होतो. पाटीही मोठ्या बाईंनी नव्याने रंगवली, 'वहीत हलक्या हाताने, परीक्षेत दाबून'. मित्रांनो, तुमच्या वर्गात माझा एखादा भाऊबंद साली ओघळत पडला असेल तर त्याला जरा पुसा, त्याचा स्क्रू पिळा. आणि तुम्हाला जे येतं ते असं उमटवा की आंधळ्या यंत्रालाही दिसलं पाहिजे. टोक मोडलं तर मोडू दे. मी आहे ना!