निरंक नसलेला रकाना

आपण कोण आहोत हे मयुरीने दाराशी सांगितलं नाही. पहिला तास पेशंटांमध्ये बसायचं आणि मगच ओळखपत्र काढायचं, असा तिच्या संस्थेचा नियमच होता. खामगावची ही संस्था खेड्यापाड्यांतले खासगी दवाखाने तपासायची. जो दवाखाना तपासणीत पास होईल, तिथे गोरगरिबांना बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्या वर्षभर फुकट मिळायच्या. त्यामुळे मयुरीच्या पिशवीतल्या त्या बारा पानी फॉर्मवर बरंच काही अवलंबून असायचं.

जानेफळच्या पुढे, मुख्य रस्ता सोडून आत असलेल्या त्या गावात डॉ. प्रेमानंद आणि डॉ. प्रतीक्षा हे जोडपं नऊ वर्षं दवाखाना चालवत होतं. तपासायच्या दोन खोल्या, बाहेर पत्र्याची पडवी, आणि बाकांवर तीसेक माणसं. केसपेपरच्या खिडकीत अन्नपूर्णाबाई. पन्नाशीची ठसठशीत बाई, चष्मा कपाळावर आणि नजर सगळ्या बाकांवर.

मयुरी बसते न बसते तोच एक धोतरवाले गृहस्थ उठले.

"अन्नपूर्णाबाई, माहा नंबर अकरावा होता. ते लेकुरवाळी बाई आत्ता आली, अन् काऊन पयले गेली?"

"गुलाबराव, तिच्या लेकराची छाती पाह्यली का? कशी उडून राह्यली! तुमची तशी उडली, तं तुमालेबी पयले घालीन आत."

बाकं हसली. गुलाबरावही हसत खाली बसले. मयुरीने मनातल्या मनात एक खूण केली. कोणाला थांबवायचं आणि कोणाला नाही, हे मोठमोठ्या दवाखान्यांतही खिडकीवरच्या माणसाला ठाऊक नसतं.

तासाभरात तिने आणखी काही टिपलं. आत पेशंट काय सांगतो ते बाहेर एक अक्षर ऐकू येत नव्हतं. प्रत्येक पेशंटनंतर नळाचा आवाज यायचा. औषधाच्या टेबलाशी डॉ. प्रतीक्षा एका म्हातारीला गोळ्या देत होत्या. देऊन झाल्यावर म्हणाल्या, "सुभद्राबाई, आता तुम्ही मला शिकवा. समजा, मी विसरले."

म्हातारीने पाकिटं हातात घोळवली. "पांढरी सकाळी, जेवाच्या पयले. गुलाबी संध्याकाळी. अन् पाय सुजले तं गोळी आपल्या मनानं बंद नाई कराची, इकडे याचं."

"शाब्बास. आता मला आठवलं."

मग मयुरीने ओळखपत्र काढलं. डॉ. प्रतीक्षा जराशा गडबडल्या, पण कपाटं, फ्रीज, नोंदी सगळं उघडून दिलं. औषधांच्या तारखा चोख होत्या. फ्रीजच्या तापमानाच्या वहीत मात्र चार दिवस कोरे होते, आणि बायकांच्या संडासाला आतून कडी नव्हती. मयुरीने दोन्हींचे गुण कापले. कडीवरून डॉ. प्रतीक्षांनी थोडी हुज्जतही घातली, सुतार दोनदा येतो म्हणून आला नाही वगैरे. मयुरी बधली नाही.

शेवटच्या पानावर एक प्रश्न होता : 'मागील काळात उपचारात झालेल्या चुका.' सहा वर्षांत मयुरीने शेकडो दवाखाने पाहिले होते. या रकान्यात सगळीकडे एकच शब्द असायचा, 'निरंक'. ती आता विचारायचीही नाही, स्वतःच लिहून टाकायची. आजही तिचं पेन तिथे टेकलं होतं.

"थांबा," डॉ. प्रेमानंद म्हणाले. चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. त्यांनी टेबलाच्या खणातून लांबट, जाड पुठ्ठ्याची वही काढून तिच्यापुढे ठेवली. "अकरा आहेत."

मयुरीने वही उघडली. तारीख, पेशंट, काय चुकलं, का चुकलं, पेशंटला कधी सांगितलं, त्यानंतर काय बदललं. कुठे गोळीची ताकद चुकली होती, कुठे तपासणीचा रिपोर्ट बघायचा राहून गेला होता. सातव्या पानावर प्रेमानंदांचं अक्षर जरा दाबून उमटलं होतं.

'भाऊराव, वय ५८. सकाळी जबडा आणि वरचं पोट दुखतं म्हणून आले. घाम होता. मी दाढेची आणि ॲसिडिटीची गोळी देऊन घरी पाठवलं. गर्दी होती, हे कारण नाही. दुपारी खामगावला नेताना रस्त्यात वारले. हृदयविकार होता. मी ओळखायला हवा होता.'

खाली वेगळ्या शाईत होतं : 'ईसीजी मशीन घेतली. चाळिशीच्या पुढे, बेंबीच्या वर कुठेही दुखलं, तर आधी ईसीजी, मग बोलणं. आजवर तिघांना वेळेत पुढे पाठवलं.'

मयुरीने ते पान पुन्हा एकदा वाचलं. खामगावला नर्स असताना तिने एकदा एका पेशंटला दुसऱ्याच पेशंटचं इंजेक्शन दिलं होतं. त्याला काही झालं नाही. पण ती सांगायला निघाली तेव्हा मोठ्या सिस्टरने तिचं मनगट धरलं होतं, "तोंड मिट आणि कामाला लाग." तिने तोंड मिटलं, आणि दोन वर्षांनी नर्सिंगच सोडलं.

"हे मला लिहावं लागेल, डॉक्टर," ती म्हणाली.

"त्यासाठीच दाखवलं."

"गुण जातील. कदाचित संस्थेची मान्यताही मिळणार नाही."

प्रेमानंदांनी बायकोकडे पाहिलं. डॉ. प्रतीक्षा म्हणाल्या, "गोळ्या मिळाल्या नाहीत तर आम्हाला वाईट वाटेल, पेशंटांचे हाल होतील. पण तुम्ही विचारलंत, तर खोटं कसं सांगायचं?"

पेशंटच्या घरी जाऊन खात्री करायची, हाही कामाचा भाग होता. मयुरी भाऊरावांच्या घरी गेली. त्यांची बायको तानाबाई ओसरीत तुरीच्या ओल्या शेंगा सोलत होती. दवाखान्यातून आलेली नाही, तपासायला आलेली आहे, हे कळल्यावर तिने सूप बाजूला सारलं.

"इचार, माय. काय इचारतं?"

"डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलं होतं का, की चूक त्यांची होती?"

"हाव. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी दोघंबी आले. इथंच, खाली बसले. तो म्हने, काकू, माह्याकून चुकलं. मी वळखलं असतं, तं काका कदाचित वाचले असते." तानाबाईने पदराने तोंड पुसलं. "माह्या लेकानं त्याले हाकलून देल्लं. लय बोलला. त्यानं मान खाली घालून सारं आयकून घेतलं. मीबी सहा मयने त्या गल्लीतून गेली नाई."

"आणि आता?"

"आता माही साखर तिथंच तपासतात."

मयुरीने पेन मिटलं. मग फॉर्ममध्ये नसलेला प्रश्न तिने विचारला. "का, मावशी? जानेफळला दुसरे डॉक्टर आहेत ना."

"हायेत ना. पन तिथं माह्या औषधात चूक झाली, तं मले सांगन कोन?" तानाबाईने सूप पुन्हा पुढे ओढलं. "मानूस गेला, तो काही वापस येत नाई. राग अजूनबी येतो मले, कदी कदी. पन त्यानं फसवलं नाई, हे खरं हाये."

परतीच्या बसची वाट बघत असताना मयुरीने संस्थेतल्या साहेबांना, भगवानरावांना फोन केला. माणूस भला होता.

"अहो, वेड्या झाल्या का?" ते म्हणाले. "मृत्यूची नोंद केली, की मान्यता देणारी समिती फाईल बाजूला ठेवते. इतका चांगला दवाखाना आहे, तर निरंक लिहा आणि मोकळ्या व्हा. त्यातच त्यांचं भलं आहे."

"साहेब, सहा वर्षं मी निरंक लिहिते आहे. इतके सगळे दवाखाने, आणि कुणाचीच चूक नाही? आपल्यालाही ते खरं वाटत नाही ना?"

तिने फोन ठेवला. बस येईस्तोवर मयुरीने रकाना भरला. जागा पुरली नाही, म्हणून कोरा कागद जोडला. त्यात भाऊरावांचं सगळं लिहिलं, तानाबाईचा राग लिहिला, ईसीजीने वाचलेले तिघे लिहिले. शेवटी लिहिलं : 'माझ्या घरच्यांना मी याच दवाखान्यात नेईन.' असलं वाक्य फॉर्ममध्ये चालत नाही, हे माहीत असूनही खोडलं नाही.

फाईल खरंच बाजूला पडली. दोन महिने काहीच हललं नाही. गोळ्यांचं काय झालं म्हणून अन्नपूर्णाबाईंचा दर आठवड्याला फोन यायचा आणि मयुरी प्रत्येक वेळी 'अजून काही नाही' म्हणायची. मग समितीतल्या एका वयस्कर डॉक्टरीणबाईंनी तो जोडकागद मागवून वाचला, आणि वही स्वतः पाहायला त्या गावात जाऊन आल्या. पंधरा दिवसांनी मान्यता मिळाली. फ्रीजचे आणि कडीचे गुण कापलेलेच राहिले.

उन्हाळ्यात मेहकरला मान्यता मिळालेल्या सगळ्या डॉक्टरांची बैठक झाली. समितीने प्रेमानंदांना वहीबद्दल बोलायला सांगितलं. त्यांना भाषण जमत नव्हतं. त्यांनी सातवं पान उघडलं, आधीच तानाबाईला विचारून घेतलं होतं, आणि जसं होतं तसं वाचलं. मागच्या रांगेत मयुरी खुर्चीच्या कडेला सरकली. आता कुणी यांना बोल लावेल की काय?

तिसऱ्या रांगेतून पिकल्या केसांचे एक डॉक्टर उभे राहिले. गळा साफ केला. "एकोणीस वर्षं झाली," ते म्हणाले. "बाळंतपणाची केस होती. मी आजवर कुणाला बोललो नाही."

आणि ते सांगू लागले.