पावलाकची खुर्ची

वजीह बुत्रोसचा डावा हात मोडला तो बर्फ उपसायच्या फावड्याने, आणि तो मोडला त्या दिवसापासून त्याला जगात मान मिळू लागला. बावीस वर्षं शिकागोच्या एकाच गल्लीत राहून आणि कोपऱ्यावरच्या दुकानात खोकल्याची औषधं विकून जे जमलं नव्हतं, ते एका फटक्यात जमलं. त्यात त्याचं स्वतःचं कर्तृत्व म्हणाल तर एवढंच, की त्याने वेळेवर हात मध्ये घातला. नाहीतर डोकं फुटलं असतं आणि मान घ्यायला मानच शिल्लक राहिली नसती.

मारणारा लेन पावलाक हा समोरच्या घरातला म्हातारा. सारी हयात महापालिकेच्या रस्ते खात्यात काढलेला. मारताना तो जे ओरडला ते पलीकडच्या बाईंनी खिडकीतून फोनवर टिपलं. "बॉम्बवाल्या, चालता हो तुझ्या देशात!" दवाखान्यात पोलिसाने विचारलं, तेव्हा वजीहनेही तेच सांगितलं. संध्याकाळपर्यंत ते वाक्य शहरभर झालं.

फोनवर आलं नाही ते खुर्चीचं प्रकरण.

आदल्या दिवशी गुडघाभर बर्फ पडलं होतं. पावलाकने तीन तास खपून एका गाडीपुरती जागा मोकळी केली आणि गाडी घेऊन बाहेर जाताना तिथे स्वयंपाकघरातली जुनी खुर्ची ठेवली. याचा अर्थ शिकागोतलं शेंबडं पोरही सांगेल: जागा माझी. कायद्यात असं काही लिहिलेलं नाही, पण इथली माणसं एक वेळ कायदा मोडतील, दुसऱ्याची खुर्ची हलवणार नाहीत. तीन वर्षांपूर्वी वजीहची खुर्ची कोणीतरी हलवली होती, तेव्हा माणुसकी बुडाली म्हणून त्याने बायकोला तासभर व्याख्यान दिलं होतं. पण त्या दिवशी त्याची कंबर धरली होती, गाडीत सामान होतं आणि गल्लीत दुसरी जागा नव्हती. त्याने इकडेतिकडे पाहिलं, खुर्ची उचलून फुटपाथवर ठेवली आणि गाडी लावली. सकाळी कचऱ्याची गाडी ती खुर्ची घेऊन गेली. त्यानंतर दहा मिनिटांनी पावलाक फावडं घेऊन आला.

पोलीस दुसऱ्यांदा आला तो हेच विचारायला. पावलाक म्हणतो की तुम्ही त्याची खुर्ची हलवली, खरं का? उशाशी फुलं होती, दारात दोन बातमीदार होते. वजीह म्हणाला, "कसली खुर्ची?"

खोटं बोलायचं त्याने काही ठरवलं नव्हतं. एवढ्या फुलांमध्ये खुर्ची शोभली नसती, इतकंच.

मग मोर्चा निघाला, मेणबत्त्या लागल्या. पुढाकार मशिदीच्या फैयादसाहेबांचा. त्यांनी रोज डबा पाठवायला सुरुवात केली. भातावर मेंढीच्या मटणाचे हे मोठाले तुकडे. वजीह इजिप्तचा खरा, पण कॉप्टिक ख्रिस्ती, आणि जानेवारीतल्या त्यांच्या नाताळाआधीचे उपास चालू होते. तो समोर मटण आणि मनात पाप घेऊन बसून राही. शेवटी एकदा धीर करून त्याने सांगून टाकलं, की फैयादसाहेब, मी मुसलमान नाही हो. पावलाक रविवारी चर्चला जातो, तसाच मीही जातो.

फैयादसाहेबांनी डब्याचं झाकण लावलं. "मारणाऱ्याने कुठे विचारलं होतं?" ते म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून मसुराचं सूप येऊ लागलं.

सरकारी वकीलबाईंनी खटला समजावून सांगितला. हात मोडला यात वाद नव्हता. वाद होता तो का मोडला याचा. नुसती मारहाण ठरली तर म्हातारा देखरेखीखाली घरी राहील. माणूस कोण आहे हे पाहून मारलं असं ठरलं, तर तो द्वेषाचा गुन्हा, आणि तीन वर्षं तुरुंग. पावलाक अडुसष्ट वर्षांचा होता आणि त्याला मधुमेह होता. हे वजीहपेक्षा कोणाला ठाऊक असणार? त्याच्या गोळ्या वजीहच्याच दुकानातून जात.

खाई त्याला खवखवे. वजीहला रात्रंदिवस खुर्ची दिसू लागली. आपण खुर्चीपायी मार खाल्ला आणि धर्मासाठी खाल्ल्याचा मान घेतला, याची त्याला मनापासून लाज वाटत होती. पण मानही सोडवत नव्हता. दुकानात लोक त्याचा उजवा हात हातात घेऊन डोळ्यांत पाणी आणत, तेव्हा त्याचा चेहरा आपोआप हुतात्म्यासारखा होई. घरी आरशात त्याने तो चेहरा करून पाहिला, तर पोटदुखीच्या जाहिरातीतल्या माणसासारखा दिसला.

त्याची बायको मार्सेल त्याला मुलाच्या नावाने, ‘मीनाचा बाप’ या अर्थी अबू मीना अशी हाक मारी. खटल्याच्या सकाळी प्लास्टरवरून कोट चढवताना ती म्हणाली, "अबू मीना, संत व्हायचं असेल तर अख्खं हो. अर्धवट संताला देऊळही मिळत नाही आणि झोपही."

"मी काय बोलू तिथे?"

"खुर्ची हलवलीस ना? मग हलवली म्हण. म्हाताऱ्याची तीन वर्षं तुझ्या जिभेवर आहेत."

साक्षीच्या पिंजऱ्यात वजीहला पावलाकच्या वकिलाने पहिलाच प्रश्न खुर्चीचा विचारला. मागे फैयादसाहेब आणि निम्मी गल्ली बसली होती. वजीह म्हणाला, "हो, मी हलवली. पोलिसांशी मी खोटं बोललो." मागून एक लांब सुस्कारा ऐकू आला. तो बहुतेक त्याचा मानच बाहेर पडला असावा. पण छाती एकदम हलकी झाली. पावलाकने त्याच्याकडे पाहून हळूच मान डोलावली. बावीस वर्षांत त्याने वजीहसाठी केलेली ती पहिली सभ्य गोष्ट.

मग पावलाक उभा राहिला. त्याच्या वकिलाला वाटलं, बाजी मारली. खुर्ची गेली, डोकं फिरलं, तोंडातून भलतंसलतं निघालं; धर्म नाही, जात नाही, फक्त खुर्ची. वजीहला ते मनापासून पटत होतं. न्यायाधीशांनाही पटावं असं त्याला वाटत होतं.

वकीलबाई सावकाश उठल्या. याआधी कधी कोणी तुमची खुर्ची हलवली होती का, त्यांनी विचारलं.

पावलाक सरळ माणूस, खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. हलवली होती की, म्हणाला, गेल्या फेब्रुवारीत, शेजारच्या टिम हॅनरहनने. मग तुम्ही काय केलंत? पावलाकने भरदुपारी नळी लावून हॅनरहनच्या गाडीवर पाणी मारलं होतं. गाडी अशी गोठली की चार दिवस दार उघडलं नाही. सगळं कोर्ट हसलं. न्यायाधीश हसले, वजीहसुद्धा हसला, कारण ती गाडी त्याने पाहिली होती. आणि मग तुमचं नि हॅनरहनचं काय झालं, बाईंनी विचारलं. काय व्हायचंय, पावलाक म्हणाला, नंतर दोघं मिळून बिअर प्यायलो.

"मग त्याला फावड्याने का नाही मारलंत?"

पावलाक गोंधळला. प्रश्नच त्याच्या डोक्यात शिरेना. "टिमला?" तो म्हणाला. "टिमला कशाला मारीन? तो इथलाच आहे."

त्याच्या वकिलाने डोळे मिटून घेतले. आता कोणी हसलं नाही. हसू तोंडावर तसंच राहिलेला वजीह तेवढा एकटा होता, आणि ते कसं उतरवायचं हे त्याला कळत नव्हतं. सहा आठवडे तो स्वतःला भामटा समजत होता. दुसऱ्याचं दुःख अंगावर घालून मिरवणारा. ते त्याच्याच मापाचं होतं.

पावलाकला तीन वर्षांची शिक्षा झाली. बाहेर पायऱ्यांवर फैयादसाहेब त्याला मिठी मारायला आले, तर वजीह लहान मुलासारखा हुंदके देऊन रडत होता. त्यांना वाटलं, न्याय मिळाला म्हणून. मार्सेलने त्यांना हाताने थांबवलं.

"त्याच्या तीन वर्षांसाठी रडतोस का?" तिने विचारलं.

"नाही गं," वजीह म्हणाला. "मला वाटलं होतं, खुर्ची हलवली म्हणूनच मारलं. शेजाऱ्याला मारतात तसं."