बेला मावशीच्या रोझरीत मंदावलेली बॅटरी

मी एक जुनी बॅटरी आहे. वसईजवळच्या सांडोर गावात, एका केळीच्या वाडीत, विहिरीच्या पंपाशेजारच्या फळीवर माझं बिऱ्हाड आहे. अंगावर ओरखडे आहेत, एका टोकाला गंजही चढला आहे. पण मित्रांनो, मला भंगार म्हणायची हिंमत करू नका. मी रेल्वेचा पूल चढून गेलेली बॅटरी आहे!

कारखान्यातून निघाले ती थेट वसईच्या एका ऑफिसात आले. तिथे यूपीएसच्या पेटीत आम्ही आठ बहिणी दाटीवाटीने बसायचो. दिवे गेले की कॉम्प्युटर सांभाळायचो. आभार कोण मानतो? तीन वर्षांनी एका माणसाने आमच्यावरची तारीख वाचली आणि आम्हाला काढून टाकलं. तब्येत कशी आहे, हे विचारलंसुद्धा नाही. मला फार राग आला होता. आमची रवानगी शत्रुघ्न भंगारवाल्याकडे झाली. तिथून पुढचा मुक्काम वितळवायची भट्टी.

ही २००५ सालची गोष्ट. एके दिवशी दुकानात मार्गारेट आली. वसई पूर्वेच्या एका कारखान्यात ती अठरा वर्षं ट्रान्सफॉर्मरला तारा गुंडाळत होती. दिवाळीनंतर कंपनीची गाडी बंद होणार होती. सांडोरहून दोन बस बदलून आठच्या भोंग्याआधी पोहोचणं अशक्य. तीन वेळा उशीर झाला तर घरी बसा, असं साहेबांनी बजावलं होतं. सायकल होती, पण मार्गारेटचा गुडघा वाटेतल्या रेल्वे पुलाच्या चढावर दगा द्यायचा. म्हणून नवऱ्याच्या, बॅप्टिस्टच्या सायकलीला मोटर लावायचं तिने ठरवलं. जळकी मोटर तिने स्वतः तारा गुंडाळून जिवंत केली. अडलं होतं फक्त बॅटऱ्यांपाशी. तीन हव्या होत्या आणि नव्यांची किंमत ऐकून ती बॅटरीच्या दुकानातून नुसतं पाणी पिऊन परतली होती.

"ये सब डेड माल है, बाई," शत्रुघ्न म्हणाला.

"डेड आहे का झोपलाय, ते मी बघते. आठही दे. नापास झालेल्या पुढच्या शनिवारी परत आणते."

आता तिची परीक्षा ऐका. तो ऑक्टोबर, म्हणजे रोझरीचा महिना. मारिया मातेची मूर्ती रोज संध्याकाळी एका घरी जायची आणि आळीतली माणसं तिथे जमून माळ जपायची. त्याच वेळी नेमके दिवे जायचे. मूर्तीपुढे एक मेणबत्ती असे, पण तिच्या उजेडात गीताचं पुस्तक कुणाला वाचता येणार? मार्गारेटने युक्ती काढली. रोज एक बॅटरी चार्ज करून न्यायची आणि तिच्यावर मोटारगाडीचा मोठा दिवा लावायचा. शेवटच्या गीतापर्यंत दिवा मंदावला नाही, तर बॅटरी पास. आळीला उजेड आणि तिला निकाल!

सात दिवसांत दोघी पास झाल्या, पाच नापास. आठव्या दिवशी माझी पाळी आली आणि घर होतं बेला मावशीचं. मावशी माळ जपता जपता थांबायची. आधी नवऱ्यासाठी प्रार्थना, मग सासूसाठी, मग घराण्यात जे जे गेले त्या सगळ्यांसाठी, नावानिशी! मी जीव तोडून जळत होते. अगदी शेवटी आणखी एक चुलत सासरा निघाला आणि माझा उजेड पिवळा पडला.

"गेली," बॅप्टिस्ट पुटपुटला. "नोकरी सोड आता. वाडीत काय कमी काम आहे?"

मार्गारेटने दिव्याची तार सोडवून मला उचललं. नियम म्हणजे नियम, म्हणून मी नापासांच्या ढिगात गेले. मित्रांनो, त्या ढिगात मी किती चरफडले म्हणून सांगू!

शनिवारी सकाळी मूर्ती पुढच्या घरी न्यायला मार्गारेट मावशीकडे गेली. मेणबत्तीचा स्टँड पुसताना ती थबकली. रोज नवी मेणबत्ती लागायची आणि रोज अर्धी उरायची. आज तळाशी नुसता मेणाचा थर होता.

"मावशी, काल मेणबत्ती अख्खी जळली?"

"जळणारच! माझी माणसं का थोडी आहेत? त्यांची नावं कोण घेणार गं माझ्याशिवाय?"

मार्गारेट धावतच घरी आली, गुडघ्याची पर्वा न करता. बॅप्टिस्टने आम्हा नापासांची पोती हातगाडीवर चढवली होती. तिने माझं पोतं ओढून खाली घेतलं.

"अहो, काल मेणबत्ती अख्खी संपली, म्हणजे ही दोन रोझऱ्या जळलीय! पास झालेल्यांपेक्षा जास्त!"

बॅप्टिस्टने माझ्याकडे पाहिलं आणि गुपचूप फडकं आणून माझी टोकं पुसली. तो माझा पहिला सत्कार.

दिवाळीची सुट्टी संपली. सायकलीच्या कॅरिअरवर आम्ही तिघी आणि पुढे मार्गारेट. ढकलायला लागलं तर असावं म्हणून बॅप्टिस्ट दुसऱ्या सायकलीवर मागे. रेल्वेचा पूल समोर उभा राहिला. चढ लागताच मोटर कण्हू लागली, तारा तापल्या. माझ्या दोघी बहिणींना धाप लागली. मी मात्र मनात म्हटलं, बेला मावशीचं अख्खं घराणं पुरवलंय मी, हा पूल काय मोठा! मार्गारेटने पाय हलकेच फिरवले आणि आम्ही चढलो. माथ्यावर पोहोचलो तेव्हा बॅप्टिस्ट खाली अर्ध्यावरच होता.

"अगं थांब, मला ढकलायला ये!" तो ओरडला आणि मार्गारेट इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

आठच्या भोंग्याला ती आपल्या जागेवर तारा गुंडाळत होती. पुढची दोन वर्षं मी तिला तसंच पोहोचवलं. तिने मला कधी पार रिकामी होऊ दिलं नाही, घरी आल्याबरोबर चार्ज केलं आणि माझी टोकं स्वच्छ ठेवली. मी टिकले ती त्यामुळेच.

आता पूल माझ्याने होत नाही. संध्याकाळी दिवे गेले की मी या फळीवरून वाडीला उजेड देते. एवढंच मागते, मित्रांनो: कुणाला नापास करायच्या आधी, त्याच्या शेजारची मेणबत्ती किती जळली आहे ते एकदा बघत जा.