निर्मळची गढूळ बिअर

डिसेंबरातली सकाळ वसईच्या वाड्यांवर उतरते ती पावलांचा आवाज न करता. केळीच्या पानापानांवरून दव ओघळतं, विहिरींच्या काठांवर धुक्याची धवल वस्त्रं पसरतात, आणि सोनचाफ्याच्या पीतकांती कळ्या एकेक पाकळी सोडत उमलतात. सगळं निर्मळ गाव सुगंधानं भरून जातं. वाटेनं जाणारा परका माणूस थबकतो, डोळे मिटतो, छाती भरून घेतो आणि मग पुढे जातो.

बस्त्याव तुस्कानो मात्र त्या सुगंधातून कोरडाच चालत जातो.

वाडी त्याची, चाफा त्याचा, नाकही त्याचंच. पण चौदा महिन्यांपूर्वी एक ताप आला आणि जाताना वास घेऊन गेला. ताप उतरला, खोकला थांबला, वास काही परतला नाही. कुणाचं नाक कापलं गेलं तर निदान चारचौघांत बोभाटा होतो. याचं नाक होतं तिथेच होतं, सरळ, धारदार, तुस्कानोंच्या घराण्यात शोभणारं. फक्त आत कुणी राहत नव्हतं.

आणि काय नाक होतं ते! तीस वर्षं बस्त्याव बोटीवर आचारी होता. डब्याचं झाकण न उघडता तो सांगायचा, जिरं यंदाचं की गेल्या वर्षीचं. उत्तरेकडच्या एका धूम्रवर्णी, पावसाळी बंदरात एका म्हाताऱ्या घरमालकिणीनं त्याला घरच्या घरी बिअर करायला शिकवलं, तेही त्याच्या हाताकडे बघून नव्हे, नाकाकडे बघून. तेव्हापासून दर नाताळाला काचेची एक मोठी बरणी भरायची. विकायला नाही हो, आल्यागेल्या आपल्या माणसाला पेलाभर द्यायला.

मोड आणलेले जव मंद आचेवर भाजायचे, भरडायचे, ऊन पाण्यात त्यांचा गोडवा उतरवायचा. मग तो काढा उकळायचा, त्यात हॉप्सची कडवट फुलं सोडायची, निववायचा, आणि वर खमीर. खमीर गोडवा खातं, फसफसतं, बुडबुड्यांची अखंड जपमाळ ओढतं. पण खाता खाता एक खोडी करतं मेलं: लोण्याचा वास सोडतं. भाकरीवर लोणी म्हणजे स्वर्ग, बिअरमध्ये लोणी म्हणजे बट्ट्याबोळ.

यावर उपाय एकच, सबुरी. बरणी दोन-तीन दिवस उबेला ठेवायची. उबेत खमीर आपली खोडी आपणच गिळून टाकतं. मग थंडावा, मग निवळणं. घाई केलीत, खमीर आधीच तळाशी बसवलंत, तर बिअर दिसेल आरशासारखी आणि लागेल लोण्यासारखी. उबेतून कधी काढायची ते डोळे सांगत नाहीत. ते नाक सांगतं.

गेल्या नाताळाला बरणी कोरडीच राहिली. यंदा बायकोनंच, लुद्विनानं, मागं लागून ती धुवायला लावली. "करा हो. हात विसरतील तुमचे." बस्त्याव तयार झाला, पण त्यानं एक अट घातली, स्वतःलाच. "शेवटची बरणी. हिनं माझ्या नाकाला हाक मारली तर ठीक. नाहीतर सगळी भांडी मिंगेलला देऊन टाकीन."

मिंगेल लोपीस म्हणजे शेजारी, बालमित्र, आणि बिअरचा दर वर्षीचा पहिला पेला ज्याचा तो.

भांडी जातील, त्याचं लुद्विनाला काही नव्हतं. पण भांडी गेली की हा माणूस खिडकीपाशी खुर्ची ओढून बसेल, आणि त्या खुर्चीतून पुन्हा उठायचा नाही, हे तिला दिसत होतं. तिला भीती वाटत होती, आणि ती भीती ती कुणाला सांगत नव्हती.

बरणी भरली. फसफसली. शांत झाली. आणि गढूळ राहिली. धूसर, मळकट, पावसाळ्यातल्या तळ्यासारखी.

मिंगेलनं कुंपणावरून डोकावून बघितलं. "निर्मळचा माणूस आणि बिअर ही असली! बस्त्या, आधी गावाचं नाव तरी बदलून घे." तो हसला, लुद्विना हसली, बस्त्यावही हसला. पण ते त्याला लागलं.

नाक मुकं झालं की डोळ्यांचं राज्य येतं, आणि डोळे भारी उतावळे. बुडबुडे थांबलेले त्याला दिसले. गढूळपणा दिसला. त्यानं बरणी उचलली आणि उबेचा एक दिवसही न देता फ्रिजमध्ये ठेवली. मग सायकल काढून थेट अर्नाळ्याला गेला.

घोळ माशाच्या पोटात हवेची एक पिशवी असते. तिला बोत म्हणतात. समुद्राच्या उदरातलं ते पांढरं धन. सुकवलं तर चामड्यासारखं चिवट, भिजवलं तर मोत्याच्या झाकेचं, मऊ, तलम. व्यापारी त्याच्यापायी वेडे होतात. ओळखीच्या कोळणीनं टोपलीच्या तळातून एक तुकडा काढून दिला. "फाटका हाय, येपारी घेत नाय. ने तुला. पन मासा सोडून बोताचा काय करतंस?"

"बिअर धुतो," बस्त्याव म्हणाला. कोळीण इतकी हसली की शेजारची टोपली कलंडली.

चार दिवस बोत थंड, लिंबू पिळलेल्या पाण्यात भिजलं. आच लावायची नाही. आच लागली की त्याचा जोर जातो. चार दिवसांनी ते शुभ्र, शीतल, गिळगिळीत झालं, आणि ते बस्त्यावनं हलक्या हातानं बरणीत सोडलं.

मग अवतरण सुरू झालं. बोताच्या अदृश्य तंतूंनी खमिराच्या एकेका कणाला कवेत घेतलं, आणि मेघामागून मेघ, पदरामागून पदर, ते मालिन्य तळाकडे उतरू लागलं. पहिल्या दिवशी वर बोटभर उजेड आला. दुसऱ्या दिवशी वीतभर. तिसऱ्या दिवशी बरणी हळूच फ्रिजबाहेर काढून खिडकीशी ठेवली, तर तिच्या पलीकडून खिडकीचे गज दिसले, गजांमधून केळी दिसल्या, आणि मधोमध तो द्रव उभा होता. मधुवर्ण, हेमकांती, निर्मल, निस्तरंग. बस्त्याव कितीतरी वेळ नुसता बघत राहिला.

त्यानं झाकण उघडलं. लुद्विना शेजारीच होती. लोण्याचा भपकारा तिच्या नाकात शिरला.

"कशी आहे?" त्यानं विचारलं. तो तिच्या तोंडाकडे बघत होता, आंधळ्यानं हात धरावा तसा.

खरं सांगावं तर त्याच्या नाकाचा निकाल त्याच्याच बरणीनं लावला असं होणार. खोटं सांगावं तर नाक आहे तसं मुकंच, आणि भांडी जाणारच. इकडे आड, तिकडे विहीर.

"छान," लुद्विना म्हणाली.

रविवारी चर्चमधल्या मिस्साहून परतल्यावर तिघं अंगणात बसली. ऊन कोवळं होतं, केळीच्या पानांतून गाळून आलेलं. तीन पेले भरले. मिंगेलनं आपला पेला उन्हात धरला. "वा! यातून तर पेपर वाचता येईल!" मग त्यानं घोट घेतला, आणि त्याच्या भुवया वर गेल्या. बाकाखालून लुद्विनाची चप्पल त्याच्या पायावर घट्ट रोवली गेली.

"छान," मिंगेल कळवळून म्हणाला.

बस्त्यावनं पेला नाकाशी नेला. थांबला. घोट घेतला. थांबला. जिभेवर गार पडलं, कडू पडलं, एवढंच. त्यामागचं जग बंद होतं. तो दाराशी उभा होता आणि आतून कुणी ओ देत नव्हतं.

"ने मिंगेल," तो म्हणाला. "भांडी मागच्या पडवीत आहेत. मोठं पातेलं जड आहे, दोन्ही हातांनी उचल."

"अरे, आत्ताच काय घाई आहे..."

"ने म्हणतो ना."

मिंगेल उठला. लुद्विना उठली नाही. तिनं पदराचं टोक मुठीत धरलं आणि उन्हाकडे बघत बसली. रडायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. पडवीत भांड्यावर भांडं वाजलं. बस्त्याव पेला तळहातात धरून तसाच बसला. तळाशी दोन घोट उरले होते. वर ऊन होतं, खाली तळहाताची ऊब होती, आणि मधे ते दोन घोट हळूहळू, कळत नकळत, कोमट होत गेले. गारठ्यात वास निजतो. उबेत उठतो.

पेला आत नेऊन धुवावा म्हणून तो उठला. आणि तीस वर्षांची खोड. धुण्याआधी त्यानं पेला हुंगला.

तो थबकला.

पुन्हा हुंगला.

अगदी पुसट. अगदी दूर. भिंतीपलीकडे कुणीतरी बोलावं तसं काहीतरी. स्निग्ध. पिवळं. मऊ. त्यानं डोळे मिटले. पेला दोन्ही हातांत धरला, छातीशी घेतला, पुन्हा नाकाशी आणला.

"लोणी," तो म्हणाला.

लुद्विनानं मान वळवली.

"लोणी! अगं, लोणी येतंय! बिघडलीय! साफ बिघडलीय! मिंगेल, अरे मेल्या, ठेव ते पातेलं खाली! बिअर बिघडलीय!"

एखाद्याच्या घरी मुलगा झाला तरी तो एवढ्या आनंदानं ओरडणार नाही. मिंगेल पातेलं डोक्यावर घेऊनच धावत आला, आणि कुंपणावरचे कावळे उडाले. चाफ्याच्या बागेत राहणाऱ्या माणसाला चाफ्यानं हाक मारली नाही. हाक मारली ती त्याच्याच हातच्या चुकीनं. लुद्विनाला आता रडायला काही हरकत नव्हती. ती रडली, मोठ्यांदा, बिनधास्त.

"तुला कळलं होतं?" बस्त्यावनं विचारलं.

"झाकण उघडलंत तेव्हाच."

"मग 'छान' म्हणालीस ती?"

"चौदा महिने छानच म्हणतेय," ती नाक पुसत म्हणाली. "तुमच्या हातून भात करपला, छान. आमटी आंबली, छान. एकदा बोंबील नासले होते. टाकायला उचलले, तर तुम्ही ताट पुढे ओढून बोटं चाटून खाल्लेत. मी काय बोलणार होते?"

बस्त्याव हसत सुटला. हसता हसता त्याच्याही डोळ्यांतून पाणी आलं. "नवं खमीर घालू," तो म्हणाला, "उबेला ठेवू. होऊ दे पुन्हा गढूळ. नाताळाला अजून बारा दिवस आहेत."

मिंगेलनं पातेलं होतं तिथे नेऊन ठेवलं, आणि एकदाच शहाण्यासारखा आपल्या घरी गेला.

अंगणात दोघंच राहिली. "अजून काय येतंय?" लुद्विनानं भीत भीत विचारलं. बस्त्याव भिंतीशी गेला, चाफ्याशी गेला, मान हलवत परत आला, आणि मग तिच्याकडे वळला. मिस्साला जाताना तिनं कानामागे अत्तर लावलं होतं. चौदा महिने ती ते असंच लावत होती, कुणासाठी कोण जाणे. तो वाकला. तिच्या मानेपाशी, पिकल्या केसांपाशी, त्यानं सावकाश श्वास घेतला.

"कांदा," तो म्हणाला.

एरवी असं कुणी म्हणालं असतं तर तिनं घर डोक्यावर घेतलं असतं. आज तिनं आपले दोन्ही हात, सकाळीच कांदा चिरलेले, जून, खरबरीत हात, ओंजळीसारखे त्याच्या तोंडाशी धरले. आणि तो त्या ओंजळीत चेहरा लपवून हुंगत राहिला, हुंगत राहिला. आधी कांदा, मग लसूण, मग पुसटसं खोबरेल, आणि त्याच्याही मागे, चौतीस वर्षांच्या ओळखीची, ती.